धूळ परत आणली

फोटो मावशीच्या हातात दिला आणि लगेच बोलायला लागले. हा केनियातल्या अंबोसेलीतला, त्या दिवशी आम्ही पहाटे पाचला उठलो होतो, आधीचे तीन दिवस ढगांत दडलेला किलिमांजारो त्या सकाळी पहिल्यांदाच मोकळा झाला होता... मावशीनं हात वर करून मला थांबवलं.

"दहा मिनिटं काही सांगू नकोस. हा फोटो जो कुणी बघेल, त्याच्या शेजारी तू उभी राहणार आहेस का?"

मावशीनं पंचवीस वर्षं मासिकांसाठी छायाचित्रं निवडण्याचं काम केलं. रोज टेबलावर शंभर फोटो यायचे, त्यातले तीन छापले जायचे. उरलेल्या सत्त्याण्णव जणांना ती शक्यतो का नाही ते कळवायची. मला हे सगळं माहीत होतं, म्हणूनच तिच्याकडे गेले. तरीही त्या दहा मिनिटांची माझी काही तयारी नव्हती.

फोटोत काय होतं ते सांगते. सहा हत्ती एका ओळीत उजवीकडून डावीकडे, दलदलीच्या दिशेनं निघालेले. मागे किलिमांजारो, माथ्यावर थोडं बर्फ. सगळ्यात पुढे म्होरकी हत्तीण, मध्ये एक पिल्लू, दोन-तीन गायबगळे. अंबोसेलीची गंमत अशी, की उद्यान केनियात आहे आणि 5,895 मीटर उंचीचा तो डोंगर सीमेपलीकडे टांझानियात. तरी उद्यानातल्या दलदलींना पाणी त्याच डोंगरातून जमिनीखालून झिरपत येतं. बाकीची जमीन कोरडी, पांढुरकी, पाय टाकला की उडणारी. हत्ती दिवसा त्या पाण्यावर येतात, म्हणून सकाळी त्यांच्या रांगा दिसतात. डोंगर दिसायचा तो बहुतेक सकाळी लवकर नाहीतर संध्याकाळी, दुपारी ढग त्याला गिळून टाकतात. म्हणजे हत्ती, डोंगर आणि कोवळा प्रकाश एकत्र सापडायचा वेळ फार थोडा. मला तो सापडला होता. परतल्यावर ज्यांना ज्यांना फोटो दाखवला ते "वा!", "भारी!" म्हणाले. एकानं कॅमेरा कुठला ते विचारलं, एकानं चांगली लेन्स घे असा सल्ला दिला. या कशाचाच मला उपयोग झाला नाही. कौतुकानं बरं वाटलं हे खरं, पण फोटोत काहीतरी राहिलंय ही रुखरुख जात नव्हती आणि ते काय आहे हे मला सांगता येत नव्हतं.

मावशी बराच वेळ बघत बसली. मग म्हणाली, "आधी मला काय दिसतंय ते सांगते. बरोबर-चूक नंतर." हे वाक्य मी नंतर पुष्कळदा आठवलं. चांगला अभिप्राय देणारा माणूस निकालापासून सुरुवात करत नाही. त्याची नजर फोटोत कुठून शिरली, कुठे अडखळली, कुठून बाहेर पडली, हे तो सांगतो. आणि त्यावर वाद घालता येत नाही, कारण ती त्याची नजर असते.

तिची नजर आधी बर्फावर गेली. तिथून खाली म्होरकीच्या पाठीवर, कारण डोंगराचं शिखर नेमकं तिच्या पाठीतून उगवल्यासारखं दिसत होतं. तिथून डाव्या कडेला, कारण म्होरकीची सोंड कडेला टेकली होती. तिथून फोटोबाहेर. "पिल्लू आहे हे मला तिसऱ्यांदा बघताना कळलं," ती म्हणाली.

पिल्लू! त्या सकाळी गाडीत सगळे त्याच्याकडेच तर बघत होते.

मी तोंड उघडणार तेवढ्यात तिनं घड्याळाकडे बोट केलं. सहा मिनिटं बाकी होती. मी वही काढली आणि ती जे म्हणेल ते लिहीत गेले. क्षितिज उजवीकडे कललंय, त्यामुळे हत्ती चढावर चालल्यासारखे वाटतात. तिसऱ्या आणि चौथ्या हत्तीची डोकी एकमेकांवर आली आहेत, आठ पायांचा एकच प्राणी दिसतो. पाय घोट्यापाशी खालच्या कडेनं कापले गेले आहेत. इथे ती जरा थांबली. "गवतात पाय बुडाले असते तर चाललं असतं. गवत खरं असतं, डोळा ते मान्य करतो. पण इथे पाय तू कापलेस. आणि कापायचेच तर सांध्यावर कापू नयेत, प्राणी लंगडा वाटतो." आकाश जांभळट झालंय. हत्तीही जांभळट झालेत. सगळीकडे सारखाच किंचित अस्पष्टपणा आहे. "कुठलीतरी दुसरी वस्तू धारदार असती तर मी म्हटलं असतं फोकस चुकला. इथे काहीच धारदार नाही, म्हणजे हात हलला किंवा गाडी हलली." गाडी सुरू होती हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

दहा मिनिटं संपली तेव्हा माझा घसा दाटून आला होता. मला वाटत होतं, ती पहाट, ती थंडी, ढग सरकताना गाडीत पसरलेली शांतता हे तिला कळलंच नाही. आणि हळूहळू लक्षात आलं की ते फोटोत नव्हतंच, ते माझ्याजवळ होतं. प्रवासातल्या फोटोची हीच मोठी अडचण आहे. आपण तो बघतो तेव्हा आपल्याला त्या दिवसाचा वाराही लागतो, बघणाऱ्याला फक्त कागद दिसतो.

मग तिनं विचारलं, "आता सांग. तिथे उभी असताना तुझा श्वास कशानं अडकला?"

मी डोंगर म्हणणार होते. तोंडातून आलं, "पिल्लू आईच्या पोटाखालून चालत होतं."

"मग ते कुठाय?"

त्या आठवड्यात मी पहिल्या फोटोची डागडुजी केली. मूळ रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यानं टिपलेली सगळी कच्ची माहिती, जवळ होती हे नशीब. कॅमेऱ्यानं बनवलेल्या जेपेगमध्ये गायबगळे नुसते पांढरे ठिपके झाले होते, रॉ फाइलमध्ये उजळ भाग खाली ओढल्यावर त्यांची पिसं दिसायला लागली. व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा थंड-उबदारपणा ठरवणारी मांडणी, ऑटोवर होती, ती हातानं उबदार केली. रंग गडद करण्यासाठी मी आधी सॅच्युरेशन बरंच वर नेलं होतं, ते जवळजवळ मूळ जागी आणलं, जांभळी झाक गेली. क्षितिज दीड अंशाच्या आसपास फिरवून सरळ केलं. पण फोटो फिरवला की चारी कडा थोड्या खाल्ल्या जातात, आणि आधीच कापलेले पाय आणखी वर कापले गेले. शिखर पाठीवरून हलवणं शक्य नव्हतं, त्यासाठी गाडी दोन-तीन मीटर मागे घ्यायला सांगायला हवं होतं, तेही त्याच वेळी. सोंडेपुढे जागा नव्हती ती नव्हतीच. दोन रात्री बसून फोटो स्वच्छ झाला आणि मावशीनं सांगितलेल्या मोठ्या अडचणी जशाच्या तशा राहिल्या. संपादनानं काय होतं आणि काय होत नाही, हे मला या दोन रात्रींत जेवढं कळलं तेवढं आधीच्या कित्येक वर्षांत कळलं नव्हतं.

याच सुमारास तो फोटो मी एका मैत्रिणीला पाठवला. ती प्राणिशास्त्र शिकलेली, हत्तींवर काम केलेली. तिनं रचनेबद्दल अक्षरही काढलं नाही. तिचा पहिला प्रश्न होता, "अगं, गाडी किती जवळ होती?"

मला वाटत होतं म्होरकी रुबाबात कॅमेऱ्याकडे बघतेय, म्हणून तर तो फोटो निवडला होता. मैत्रिणीनं सांगितलं, मान उंच, कान पूर्ण पसरलेले आणि तोंड थेट गाडीकडे, हा हत्तिणीचा इशारा आहे. उकाड्यात हत्ती कान हलवतात ते वेगळं, तेव्हा कान सावकाश मागेपुढे होतात आणि प्राणी आपल्या कामात असतो. इथे ती थांबून आम्हाला जोखत होती. आमच्या चालकानं ते ओळखलं होतं. मला आता आठवलं, त्याच क्षणी तो गाडी मागे घेऊ लागला होता आणि थोडं अंतर पडल्यावर त्यानं इंजिन बंद केलं होतं. तेव्हा मी मनात चरफडले होते. माझ्या सर्वांत आवडत्या फोटोतली हत्तीण आमच्यामुळे अस्वस्थ होती, हे वाचून मी तो फोटो बराच वेळ उघडला नाही. मावशीनं सांगितलेल्या सगळ्या चुका एका पारड्यात आणि ही एक दुसऱ्या पारड्यात. रचना, रंग, प्रकाश यांबद्दल बोलणारे पुष्कळ भेटतात. प्राण्यांच्या फोटोबद्दल प्राणी जाणणाऱ्याचं मत घ्यायला हवं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

तिनं आणखी एक गोष्ट सांगितली ती मला फार आवडली. अंबोसेलीतल्या हत्तींचा अभ्यास सिंथिया मॉस यांनी 1972 साली सुरू केला आणि तो आजही चालू आहे. तिथे एकेक हत्ती ओळखला जातो तो मुख्यतः कानांवरून. कडेच्या खाचा, फाटलेले कोपरे, भोकं, शिरांची जाळी. "म्हणून कानाची कड धारदार ठेव," ती म्हणाली, "तुझ्यासाठी ती नक्षी आहे, आमच्यासाठी ते नाव आहे."

मग मी त्या सकाळचे सगळे फोटो पुन्हा उघडले. 214 होते. पहिल्यांदा निवडताना मी ज्यात डोंगर नाही ते सरसकट बाजूला टाकले होते. आता उलट केलं. डोंगर विसरायचा आणि फक्त पिल्लू शोधायचं. मावशीला दाखवलेला फोटो 7 वाजून 6 मिनिटांचा होता. 7 वाजून 10 मिनिटांच्या एका फ्रेमवर मी थांबले.

तोवर कळप बराच पुढे, पूर्वेकडे सरकला होता. मी त्यांच्यामागे कॅमेरा वळवला, त्यामुळे डोंगर उजवीकडे चौकटीबाहेर गेला आणि सूर्य थोडा समोर आला. झूम 250 वरून 400 मिलिमीटरवर नेलेली. इंजिन बंद, लेन्स खिडकीच्या कडेवर टेकवलेली. आधीच्या फोटोत मी गाडीच्या उघड्या छपरातून उभी राहून खाली बघत होते. खिडकीतून घेतलेल्या या फोटोत हत्ती अचानक मोठे झाले होते, कारण नजर त्यांच्या गुडघ्यांच्या, म्हणजे जवळजवळ पिल्लाच्या डोळ्यांच्या उंचीवर आली होती. म्होरकी आमच्याकडे पाठ करून निघून गेली होती, डाव्या कडेला तिचा मागचा भाग. मध्ये आई, एका कुशीनं, कान अंगाशी सैल. तिच्या पुढच्या आणि मागच्या पायांमधून पिल्लू चाललेलं, सोंड अर्धवट उचललेली. सगळ्यांच्या पायांतून धूळ उठलेली आणि उन्हानं पेटलेली.

ही फ्रेम माझ्याजवळ तीन महिने पडून होती.

दुसऱ्या फेरीला मी मावशीकडे नुसती फाइल नेली नाही. तिच्या सांगण्यावरून पोस्टकार्डाएवढा छापून नेला. तिनं तो घेतला आणि उलटा, डोकं खाली करून भिंतीला टाचला. दोन पावलं मागे गेली, डोळे बारीक केले. उलटा केला की हत्ती हत्ती राहत नाहीत, नुसते उजेडाचे आणि काळोखाचे तुकडे उरतात. मलाही लगेच दिसलं. सर्वांत उजळ तुकडा डाव्या कडेला होता, रस्त्यावर उभ्या असलेल्या दुसऱ्या एका पांढऱ्या गाडीचा कोपरा. पिल्लू मात्र सगळ्यात गडद जागेत, आईच्या पोटाच्या सावलीत.

"धूळ कुठे गेली?" तिनं विचारलं.

मी सवयीनं ‘डिहेझ’ची, म्हणजे हवेतला धूसरपणा कमी करणारी पट्टी पुढे सरकवली होती. फोटो त्यानं चटकन खणखणीत दिसतो, म्हणून मी ती प्रत्येक प्रवासाच्या फोटोवर वापरायचे. समुद्रावरच्या धूसर हवेला ठीक आहे. इथे त्यानं पायांभोवतीचा सगळा सोनेरी धुरळा चाटून नेला होता आणि हत्ती काळ्या पुठ्ठ्याचे झाले होते.

"धूळ काढलीस म्हणजे सकाळच काढलीस की गं," मावशी म्हणाली. माझ्या वहीत हे वाक्य दोनदा लिहिलेलं आहे.

त्या पांढऱ्या गाडीवरून आमचं पुष्कळ बोलणं झालं. आजच्या सॉफ्टवेअरमध्ये असा कोपरा पुसायला काही सेकंद लागतात, आणि मी तो पुसूनच टाकणार होते. मावशीनं मला 1982 सालच्या फेब्रुवारीतल्या नॅशनल जिओग्राफिकच्या मुखपृष्ठाची आठवण करून दिली. गिझाचे पिरॅमिड आणि पुढून जाणारे उंट. मूळ फोटो आडवा होता, तो उभ्या मुखपृष्ठावर बसावा म्हणून संगणकाच्या मदतीनं दोन पिरॅमिड जवळ आणले गेले. केवढा गदारोळ झाला त्यावर. तिच्या व्यवसायातल्या लोकांना ते मुखपृष्ठ अजून आठवतं, कारण त्यानंतर वाचक प्रत्येकच फोटोकडे संशयानं बघायला शिकला. निसर्गछायाचित्रांच्या बहुतेक स्पर्धांतही चित्रातलं काही काढणं किंवा घालणं चालत नाही. सेन्सरवरच्या धुळीचा ठिपका पुसता येतो, कारण तो तिथे कधी नव्हताच. गाडी मात्र तिथे होती. "तुला हा फोटो ‘मी असं पाहिलं’ म्हणून दाखवायचा आहे ना? मग कुठे उभं राहून पाहायचं ते तू ठरव, काय होतं ते ठरवू नकोस."

मला हे पटलं, आणि अजूनही पटतं. घरात लावायच्या फोटोला एवढी कडक शिस्त कशाला असं कुणी म्हणेल. पण माझ्या मुलानं उद्या विचारलं की तिथे खरंच असं होतं का, तर मला अडखळायचं नव्हतं.

उरला क्रॉप, म्हणजे कडा कापणं. आई आणि पिल्लू यांच्यापुरती चौकट लहान केली, तर गाडी आणि म्होरकीचा मागचा भाग दोन्ही बाहेर जात होते आणि आईच्या सोंडेपुढे चालायला जागा उरत होती. मूळ फाइल 6000 गुणिले 4000 पिक्सेलची, म्हणजे दोन कोटी चाळीस लाख. क्रॉपनंतर 4200 गुणिले 2800 उरले, एक कोटी अठरा लाखांच्या आत. इंचाला 300 पिक्सेल या हिशेबानं 14 इंच रुंद छापायला तेवढे पुरतात. मी आधी आणखी आत शिरून फक्त पिल्लाचाच फोटो करून पाहिला होता. मावशीनं तो बाजूला ठेवला. आईचे चार पाय दिसले नाहीत तर पिल्लू किती लहान आहे हे कशावरून कळणार? मागच्या हत्तीचा अर्धा पाय उजव्या कडेत येत होता तो तिनं मुद्दाम ठेवायला लावला, त्यामुळे रांग मागेही आहे हे समजतं. हे मला एकटीला कधीच सुचलं नसतं. माझ्या लेखी अर्धा पाय म्हणजे चूक.

उजेडाचं काम सर्वांत हळू झालं. डिहेझ शून्यावर आणलं, धूळ परत आली. पिल्लावर एक मास्क टाकून, म्हणजे तेवढाच भाग निवडून, सावली उचलली. पहिल्यांदा इतकी उचलली, की त्याच्या अंगावर दाणेदार खर उठली आणि पोटाखाली कुणी दिवा लावल्यासारखं वाटायला लागलं. मावशीनं ते परत पाठवलं. दुसऱ्यांदा अर्धा स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट). तिसऱ्यांदा तेवढंच ठेवून उलट आजूबाजूची उजळ धूळ किंचित खाली आणली, आणि तेव्हा पिल्लू आपोआप पुढे आलं. दिसायला हवं ते उजळवण्यापेक्षा शेजारचं शांत करणं बरेचदा जास्त चांगलं, हे तिनं एका ओळीत लिहून पाठवलं होतं, पण हातानं केल्याशिवाय मला कळलं नाही. धार वाढवताना फक्त आईच्या कानाची कड आणि पिल्लाच्या डोळ्याभोवतीच्या सुरकुत्या घेतल्या. धुळीला हात लावला नाही, तिची धार वाढली की ती वाळू दिसते.

चौथ्या फेरीत मावशीनं फोटो भिंतीवर सरळ टाचला, बराच वेळ बघितला आणि म्हणाली, पिल्लाच्या डोळ्यात चमक नाही. खरंच नाही. पोटाच्या सावलीत ती येणार कुठून? पांढरा ठिपका रंगवून आणता आला असता, ते आम्ही आधीच निकालात काढलं होतं. ही उणीव फोटोत आहे आणि राहणार आहे. तिनं ती सांगितली याचा मला आनंदच झाला. चार फेऱ्यांनंतर माणूस दमतो, "झालं छान" म्हणून मोकळा होतो. ती झाली नाही.

मैत्रिणीलाही पाठवला. तिचं उत्तर लगेच आलं. आईचे कान सैल आहेत, सगळे आपापल्या वाटेनं चाललेत, तुमच्याकडे कुणाचंही लक्ष नाही, छान. आणि पिल्लाचं वय विचारलंस तर, आईच्या पोटाखालून न वाकता जातंय म्हणजे वर्षाच्या आतलं. सोंड अशी अधांतरी धरली आहे ना, ती वापरायला अजून शिकतंय ते.

फोटोखाली काय लिहायचं हे मावशीनं विचारलं होतं. माझा पहिला मजकूर पाच ओळींचा होता, त्यात पहाट होती, ढग होते, तीन दिवसांची वाट पाहणं होतं. तो वाचताना मला तिची पहिली दहा मिनिटं आठवली. मी पुन्हा लिहायला बसले. आता फोटोच्या खाली असं आहे: ‘अंबोसेली, सकाळी 7 वाजून 10 मिनिटं. वर्षाच्या आतलं पिल्लू, आईबरोबर पाण्याकडे.’

किलिमांजारोचं नाव मी लिहिलं होतं, मग खोडलं. तो उजवीकडे आहे, चौकटीच्या जरासा बाहेर.